जुंपलेला बैल मागं सरत नाही

बायांनो, आपल्या वाचनमंडळाच्या फिरत्या वहीत आज पुस्तकाबद्दल लिहिणार होते. पण दुपारपासून जिवाला थारा नाही.

केनवडच्या बाजारात बैलगाड्यांसाठी नवा गाडीतळ होतोय. मुकादमानं चुन्याच्या रेघा मारल्या आहेत. एकामागे एक तीन रांगा, आणि आत-बाहेर जायला एकच वाट.

मी म्हटलं, "भाऊ, मागची गाडी निघन कशी? जुंपलेला बैल मागं सरत नाही."

तो हसला. "बाई, गाड्या तुमी हाकता का?"

"आमचे मालक हाकत. तीन वर्षांमागं इथंच बैल बुजले. निघायला वाट नव्हती. मालक दोन गाड्यांमधी चेंगरून गेले."

बांगड्या विकणारे करीमचाचा दुकानातून ओरडले, "अरे, काहून ऐकून नाही राह्यला? पल्याडून दुसरी वाट सोड!"

"नकाशा वरून आला, चाचा. उद्या सकाळी खुंट्या ठोकतो."

मी पायानं मधल्या रेघा पुसल्या आणि घरी आले. तळव्याला चुना तसाच आहे. तो रेघा पुन्हा मारेल, हे मला माहीत आहे.

तुमच्या घरच्या गाड्याही तिथंच सुटतात. ही वही आजच दारोदार फिरवा. सकाळी खुंट्यांच्या आधी माझ्यासोबत तिथं कोण कोण उभं राहील?