‘परहॅप्स’ची हजेरी

आमचे इंगोले सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. सरांची आणि माझी पहिली गाठ पुसेगावच्या शाळेत पडली, मी आठवीत असताना. पांढरा सदरा, सायकलची क्लिप पायजम्याला तशीच लावलेली. हजेरी घेता घेता एक नाव आलं आणि कोणी तरी म्हणालं, “न्हाई आली, सर.”

“न्हाई आली ते दिसूनच राहिलं,” सर म्हणाले. “काहून न्हाई आली, ते सांगा. इंग्रजीत.”

मग सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, परहॅप्स. म्हणाले, “ठाऊक न्हाई तर ठाऊक असल्यागत बोलायचं न्हाई. पण ठाऊक न्हाई म्हणून त्या माणसाचा विचार सोडायचा न्हाई. दोन्हीच्या मधी हा शब्द बसतो. मेबी म्हणलं तरी चालतं, पण ते घरात. चार माणसांत परहॅप्स.”

त्या दिवसापासून आमच्या वर्गात कोणीही नुसतं गैरहजर राहिलं नाही. नाव आलं की आम्ही उभं राहून सांगायचो, ‘परहॅप्स शी इज पिकिंग कॉटन’, ‘परहॅप्स हिज बफेलो इज लॉस्ट’. शाळा सुटली की सर सायकल काढायचे आणि त्या लेकराच्या घरी जाऊन यायचे. अंदाज बांधला की खात्री करायला जायचं, हा त्यांचा नियम. दुसऱ्या दिवशी कोणाचं वाक्य बरोबर निघालं ते वर्गात सांगायचे. म्हैस खरंच हरवलेली असली, तर म्हैस शोधून वर्गात यायचे.

मग एकदा माझंच नाव रिकामं गेलं. आईचा हात मोडला होता, घरात भाकरी थापायला मीच. वडील म्हणाले, “झालं तेवढं शिक्षण पुरे.” मी चुलीपुढे बसायची आणि शाळेची घंटा ऐकायची. संध्याकाळी मैत्रीण शोभा यायची आणि माझ्या नावावर वर्गानं काय काय म्हटलं ते सांगायची. ‘परहॅप्स शी इज मेकिंग भाकरी.’ ‘परहॅप्स शी इज क्राइंग.’ दोन्ही खरं होतं. आपण नसताना आपली आठवण काढणारं कोणी आहे, हे कळलं आणि वर्गाची ओढ जास्तच लागली.

सर आले. ओट्यावर बसले, चहा घेतला. “पोरगी उद्या येईल का?”

वडील म्हणाले, “पाहू.”

“न्हाई म्हणले न्हाईत तुमी. मंग मी उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. रोज तोच प्रश्न, तेच ‘पाहू’, तोच चहा. सरांनी ना कधी आवाज चढवला, ना उपदेश केला. शेवटी वडीलच कावले. “घेऊन जा बाबा तिला. चहापायी घरातली साखर संपून राहिली.” घरच्या भाकरीची सोयही सरांनीच बोलून ठेवली होती, आईचा हात जुळेपर्यंत शोभाची आई थापून पाठवायची. आज मी हिंगोलीत इंग्रजी शिकवते, ते त्या साखरेच्या जिवावर.

सरांच्या पत्नी, आमच्या बाई, गेल्या, तेव्हापासून सर पुण्याला लेकाकडे असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पुसेगावच्या रस्त्यावर सायकलची घंटा वाजली की अजूनही मान वळते, आणि दुसरंच कोणी तरी असतं. फार आठवण येते सरांची. शाळेच्या व्हरांड्यात सत्कार ठरवला, तेव्हा आम्हां सगळ्यांना एकच घोर होता, सर येतील का? मीच फोन केला. सरांनी आधी एकेकाची चौकशी केली. मग सर म्हणाले, “परहॅप्स.”

हा शब्द सर उगीच तोंडदेखला वापरत नाहीत, म्हणून आम्ही खुर्ची मांडणारच आहोत. सर, तुम्हांला उदंड आयुष्य लाभो, गुडघा पुन्हा सायकलवर बसण्याइतका धड होवो. आणि त्या दिवशी खुर्ची रिकामी राहिली, तर आम्ही सगळे उभे राहून हजेरी देऊ. ‘परहॅप्स हिज नी इज हर्टिंग.’ ‘परहॅप्स ही इज मिसिंग अस.’

मग खात्री करायला पुण्याला येऊ. जीप सांगून ठेवली आहे. सूनबाईंना सांगा, साखर जास्तीची आणून ठेवा.