धाकटीचा दर

माझ्या धाकट्या जावेला आमच्या बिल्डिंगमध्ये हातोडीबाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात आणि वर हसतात. मला सगळं कळतं आणि माझं डोकं फिरतं.

ती इंजिनियर आहे. इमारत किती वजन पेलेल ते तपासून सांगायचं, हा तिचा धंदा. पर्समध्ये एखादवेळी कंगवा नसेल, पण छोटी हातोडी असतेच. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली, तेव्हा चहा पिता पिता नुसती छताकडे बघत होती. मला वाटलं, भलतीच शिष्ट दिसतेय. मग उठली, स्टुलावर चढली, कोपऱ्यात टकटक केलं आणि म्हणाली, "वहिनी, इथलं प्लास्टर सुटलंय. पाळणा इथून हलवा." पाळण्यात माझी लेक होती. प्लास्टर पुढे खरंच पडलं. तेव्हापासून मी तिच्या बाजूची आहे, कुणी काही म्हणो. दीर मात्र थट्टा करतो, "माझ्या डोक्यावरही टकटक करते आणि आवाज पोकळ येतो म्हणते."

तिची एक खोड आहे. जागा बघितल्याशिवाय ती दर सांगत नाही. लोक फोन करतात, "मॅडम, साधारण आकडा सांगा ना." ती म्हणते, "येऊन बघते, मग सांगते." निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात. उरलेले आकडा ऐकून घासाघीस करतात. ती चिडत नाही. शांतपणे विचारते, "कमी करते. पण कशातलं कमी करू? सळ्या तपासणं, की काम चालू असताना येऊन बघणं?" लोक "कळवतो" म्हणतात, आणि काम जातं दुसऱ्याकडे.

तर आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गळायला लागली. जुनी पाडून नवी, दुप्पट मोठी बांधायची ठरली. आमची बिल्डिंग जुन्या पद्धतीची, खांब नाहीत, सगळा भार जाड भिंतींवर. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, आणि टाकी यायची होती नेमकी सासूबाईंच्या खोलीच्या डोक्यावर. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी घेऊन चालतात, दिवसाचा बहुतेक वेळ त्या खोलीतच असतात. मी ह्यांना म्हटलं, "धाकटीला विचारा." हे सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणाले, "विचारतो की. घरचीच आहे, फुकटात करेल."

घरचीच आहे म्हणून फुकटात. न्हावी घरचा असता तर ह्यांनी रोज दाढी करून घेतली असती.

धाकटीनं बिल्डिंग बाहेरून बघितली, गच्ची बघितली आणि दर पाठवला. त्यात पहिलंच काम लिहिलं होतं, प्रत्येक घरात जाऊन भिंती बघणं. मीटिंग भरली खालच्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या कॅशियरकाकांकडे. ते चेअरमन, आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यात ऐसपैस हॉल त्यांचाच, त्यामुळे मीटिंग नेहमी तिथेच. काका म्हणाले, "घराघरात फिरायचे कसले पैसे घेतात? टाकी गच्चीवर आहे, घरात नाही." सगळे हसले. आमचे हेही हसले. दुसऱ्या एका इंजिनियरनं धाकटीच्या निम्म्याहून कमी दर दिला होता. तो एकदाही आला नव्हता. म्हणाला, बिल्डिंगचा जुना नकाशा पाठवा, त्यावरून काढून देतो. हात वर झाले आणि विषय मिटला.

मी म्हटलं, "अहो, जो माणूस बघायलासुद्धा आला नाही, त्याला काय कळणार?" तर काका म्हणाले, "वहिनी, जाऊबाईंचं काम गेलं म्हणून वाईट वाटणारच." म्हणजे मी बोलले तर जावेसाठी, आणि ती बोलली तर पैशासाठी. धाकटी तर पैशाला हपापलेली ठरली. जुनी स्कूटर ढकलत साइटवर जाणारी बाई, आणि हपापलेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

टाकी बांधून झाली. दुपारी ती पहिल्यांदा काठोकाठ भरली. सासूबाई जेवून, दार लावून पडल्या होत्या. चहाच्या वेळी आतून आवाज आला, "अगं, दार उघडत नाहीये." मला वाटलं, कडी अडकली असेल. बाहेरून ढकललं तर दार जागचं हलेना. चौकटीच्या कोपऱ्यातून एक तडा वर छताकडे गेला होता, आणि मी बघत असताना त्यातून भुगा गळत होता.

हे खांदा लावून दार तोडायला निघाले. मी धाकटीला फोन लावला. ती म्हणाली, "दाराला कुणी हात लावू नका, वरचा भार चौकटीवर आला असेल. टाकीत पाणी चढवणं बंद करा आणि सगळ्यांना नळ सोडायला सांगा. आईंना म्हणावं, त्या भिंतीपासून लांब, खिडकीपाशी बसा. मी आले."

मी जिन्यातून ओरडत खाली गेले. बिल्डिंगमधले झाडून सगळे नळ वाहू लागले. सासूबाई आतून विचारत होत्या, "झालं का गं?" आणि मी म्हणत होते, "होतंय, होतंय."

धाकटी आली ती चौकट बघून तडक खालच्या मजल्यावर गेली. काकांच्या हॉलमध्ये उभी राहिली, वर बघितलं आणि विचारलं, "इथली भिंत कुठे गेली?"

काका म्हणाले, "ती काढून बरीच वर्षं झाली. हॉल मोठा केला ना."

"नकाशात आहे ती. टाकीचा भार वरच्या भिंतीवर, आणि ती भिंत या भिंतीवर. तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही."

ऐकताय ना? ज्या हॉलमध्ये बसून आम्ही स्वस्तातला माणूस निवडला, तो हॉल ऐसपैस होता कारण तिथली भिंतच गायब होती. जिथे भिंत हवी तिथे खुर्च्या मांडून आम्ही हसत होतो. आत येऊन नुसतं एकदा वर बघितलं असतं, तरी कळलं असतं. आणि त्या बघण्याचेच पैसे आम्हाला जड झाले होते.

धाकटीनं तिच्या गवंड्यांकडून काकांच्या हॉलमध्ये लोखंडी टेकू लावून घेतले. टाकी रिकामी झाली. मग चौकटीची एक बाजू हळूहळू कापून सासूबाईंना बाहेर काढलं. त्या धाकटीचा हात धरून आल्या आणि तो बराच वेळ सोडला नाही.

लोक म्हणाले, देवाची कृपा, काही झालं नाही. देवाची असेलच, पण धावत आली ती कोण?

आणि कळस पुढेच आहे. दुरुस्तीसाठी मीटिंग भरली, आमच्याकडे, कारण काकांच्या हॉलमध्ये टेकूंचं रान माजलेलं. सासूबाईंची कॉटही आम्ही हॉलमध्येच हलवली होती. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आता यासाठी तीन-चार ठिकाणांहून दर मागवू या." आणि आमच्या ह्यांनी मान डोलावली. खरंच डोलावली. मी तोंड उघडणार, एवढ्यात कॉटवरून आवाज आला.

"अरे, माझ्या गुडघ्याच्या वेळी तू किती ठिकाणांहून दर मागवले होतेस?"

हे म्हणाले, "आई, ते वेगळं."

"काय वेगळं? तेव्हा तू गावभर विचारत फिरलास, कुणाचा हात चांगला आहे. सापडला, मग त्याच्याशी पैशाचं बोललास. गुडघा चुकला असता तर मी लंगडले असते. छत चुकलं असतं तर?"

काका टाइल्सकडे बघत बसले.

ह्यांनी फोन काढला आणि सगळ्यांसमोर धाकटीला लावला. दराचा द सुद्धा काढला नाही. "कधी येशील?" एवढंच विचारलं.

ती म्हणाली, "उद्या सकाळी येते, दादा. सगळ्यांना घरी थांबायला सांगा. प्रत्येक घर आतून बघणार आहे."

सासूबाई अजून हॉलमध्येच झोपतात. धाकटी सांगेल तेव्हाच त्या खोलीत पाय ठेवीन म्हणतात.