शिखराची आतली सावली

रघूमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी पापनाशमहून तंजावरला परतत होते. रेल्वेचं फाटक पडलेलं, बस हलेना, आणि मावसबहिणीचा फोन आला. "अक्का, मामा गेला की. सकाळी कॉफी पिऊन खुर्चीत बसला तो बसलाच…" उतरून तंजावरपर्यंत चालत सुटावं असं वाटलं. आगगाडी गेली, फाटक उघडलं, बस सुटली, तरी मी सीटवरून उठून उभीच होते. महिना उलटला, पण ते उभं राहणं काही संपलेलं नाही. हातात घेतलेलं काम हातात टिकत नाही. भेटायला येणारी माणसं "फार साधा माणूस" म्हणतात नि माझं डोकं फिरतं. साधा कुठला? एक नंबरचा हेकट होता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आमच्या कॉलेजात गणिताचा प्राध्यापक. बी.ए.च्या मुलांना गणिताचा एक पेपर सक्तीचा आहे. तो शिकवायला कोणी राजी नसे, आणि हा मागून घ्यायचा. निवृत्त झाल्यावरही येत राहिला. तमिळ नि इतिहासवाल्यांना गणित कशाला, असं कोणी म्हटलं की ठरलेलं उत्तर, "त्यांनाच हवं. ते ऐकलेल्यावर फार लवकर विश्वास ठेवतात." मी इतिहासाची विद्यार्थिनी, त्याच्याच वर्गात बसायचे. घरी मामा, वर्गात सर. गणिताचा मला मनापासून तिटकारा होता आणि ते तो चारचौघांत सांगायचा.

एकदा सकाळी सगळ्या वर्गाला तंजावरच्या मोठ्या देवळात घेऊन गेला. हातात काळी छत्री, जी त्यानं उन्हात कधी उघडली नाही. सावलीवरून शिखराची उंची काढायची होती. आमच्यातली सेल्वी म्हणाली, "सर, ह्या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. पाट्टी सांगते." आम्ही माना डोलावल्या. तंजावरात हे प्रत्येक घरातली आजी सांगते. मामा आम्हाला घेऊन मागच्या अंगणात गेला. तिथं फरशीवर भली मोठी सावली पसरली होती आणि आम्ही तिच्यातच उभे होतो. "मग ही कोणाची?" सेल्वीनं सावलीकडे पाहिलं. म्हणाली, "देवळाची असेल, सर. शिखराची नाही." मामा इतका हसला की छत्री खाली पडली.

मग छत्री उभी धरून तिची सावली मोजली, भिंतीपासून सावलीच्या टोकापर्यंत शिखराची मोजली आणि हिशेब मांडला. उत्तर आलं ते भलतंच बुटकं. उन्हातली फरशी तापलेली, पाय अनवाणी, आम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतोय, आणि हा छत्री टेकून गप्प. चुकलं कुठे ते सांगेना. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "मामा, शिखराचं टोक भिंतीवर कुठं आहे? ते मधोमध आहे. सावली तिथून धरायला हवी." वर्गात त्याला मामा म्हटलं ते त्याच्या लक्षातही आलं नाही. म्हणाला, "मग आतली कशी मोजणार? गाभाऱ्यात कोण सोडतंय?" मी देवळाची रुंदी बाहेरून मोजली, निम्मी केली, सावलीत मिळवली. आत न जाता आतलं कळलं… त्या दिवसापासून मला गणिताची भीती वाटली नाही, आणि तो माणूस मला फार आवडायला लागला.

आता मी त्याच कॉलेजात इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात प्राचार्य म्हणाले, "तुमच्या मामांचा पेपर कोणी घेत नाही. सोमवारपर्यंत नाव आलं नाही तर तासांना पर्यायी विषय लावतो." मी घरभर फेऱ्या मारल्या. गणित माझा विषय नव्हे, मुलं हसतील. पण पेपर गेला तर मामा दुसऱ्यांदा जाईल, आणि ते मला सहन होणार नव्हतं. सोमवारी माझं नाव देऊन आले.

स्टाफरूममध्ये त्याच्या खुर्चीला छत्री तशीच अडकवलेली होती. ती घेतली आणि मुलांना देवळात नेलं. सावली पडत नाही म्हणणारे निघालेच. मग सगळ्यांनी भिंतीपासून मोजलं, उत्तर बुटकं आलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मॅडम, चुकलं कुठे?" फरशी तापली होती. मी छत्री टेकली आणि गप्प उभी राहिले…