दुखवट्याची टोपी

उदगीरपासून मुरुडपर्यंत शोधलं तरी माझ्या इवायाएवढा हट्टी माणूस सापडणार नाही. बायको म्हणते, सापडेल, आणि तो आपल्याच घरात आहे. पण मी हट्टी नाही, मी खरं बोलतो. इवाई म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचा सासरा, उदगीरच्या मोंढ्यातला तुरीचा व्यापारी. त्याचं हृदय पार बाद झालं, तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्याचं काढून त्याला बसवलं. माणूस वाचला, आम्ही पेढे वाटले. पण तेव्हापासून त्या हृदयाला हा ‘मालक’ म्हणतो. लेकीनं तिखट वाढलं की छातीवर हात ठेवून म्हणणार, ‘मालकाला चालतंय का बगू दे.’ कोण मालक? दवाखाना नाव सांगत नाही, तसा नियमच आहे म्हणे. तरणा पोरगा होता, गाडीवरून पडला, आईबापानं हृदय द्यायला हो म्हटलं, एवढंच कळलं. दुष्काळात बाया टँकरमागं घागरी घेऊन पळत असताना हा रोज पहिला तांब्या मालकाच्या नावानं दारच्या कडुलिंबाला घालायचा. शेजारीण भांडायला आली, तर यानं स्वतःच्या अंघोळीतलं पाणी कमी केलं, लिंबाचं केलं नाही.

त्यात याला लातूरपासून तोडून उदगीर वेगळा जिल्हा करून पाहिजे. आमच्या लातुरानं याचं काय वाकडं केलं होतं? मी तसं बोललो तर म्हणाला, ‘तुमचं मुरुड आधी तालुका तर होऊ द्या.’ डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नको म्हणून बजावलेलं, तरी तोंडाला फडकं बांधून हा रस्ता रोकोत सगळ्यांच्या पुढं. आणि भोंगा ऐकू आला की हाच उठून लोकांना बाजूला सारणार, कारण याचं हृदय असंच अँब्युलन्समधून भोंगा वाजवत आलं होतं. एकदा असाच रस्ता मोकळा केला आणि मधून मंत्र्याची गाडी निघून गेली. जिच्यासाठी सकाळपासून उन्हात बसले होते, तीच. पोरं चिडली. हा म्हणाला, आत कोण आहे ते बघत बसायला वेळ असतो का.

इथवर मी सोसलं. पण त्याच दुष्काळात माझ्या धाकटीचं लग्न झालं, आणि भर मांडवात मी टोपी-धोतराचा आहेर पुढं केला, तर यानं हात जोडले. ‘इवाई, रागावू नका. घरचं माणूस गेलंय. दुखवटा सुटला न्हाई अजून.’

आमच्याकडं मयत झालेल्या घरी सोयरे कपडे नेतात, तेव्हा दुखवटा सुटतो. तोवर नवं कापड अंगाला लागत नाही, डोक्यावर टोपी चढत नाही. पण याच्या घरी मेलं कोण? नाव नाही, गाव नाही, आणि शेदोनशे पाव्हण्यांत इज्जत गेली माझी. मी म्हणालो, परत तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. लावलाही नाही. पंचमीला थोरली लेक माहेरी आली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, ‘बाबा, मी कुणाकडून बोलू?’

मग माझी खोपडी सरकली. दुखवटा आहे ना? तर तो काढायचा हक्क सोयऱ्याचा, आणि सोयरा मी. मुरुडच्या बाजारातून पांढरी टोपी घेतली, एस्टीनं उदगीर गाठलं आणि मोंढ्यात, तुरीच्या पोत्यांपुढं, हमालांदेखत त्याच्या उघड्या डोक्यावर ठेवली. म्हणालो, ‘पोरगा तुमच्या घरचा होता. हा त्याच्या दुखवट्याचा आहेर. आता न्हाई म्हणून दाखवा.’

न्हाई म्हणाला नाही. टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर नीट बसवली. मग तोंडावरच्या फडक्याआडून म्हणाला, ‘इवाई, त्याच्या बापाच्या डोक्यावर ठेवली असंल का हो कुणी?’

मांडवातलं मी अजून विसरलो नाही, विसरणारही नाही. पण हल्ली एस्टीत उघड्या डोक्याचा कुणी म्हातारा शेजारी बसला, की मी सरकून जागा देतो आणि विचारतो, पाव्हणं, गाव कोणतं?