बाहुलीघराच्या मागच्या दोन खोल्या

"वरच्या खिडकीत एक बाई हवी," विक्रांत म्हणाला. "पांढरी साडी, मोकळे केस. मागून दिवा लागला की ती दिसली पाहिजे. बाकी घर हुबेहूब करा."

"बाई कशाला?" मी विचारलं.

"अहो मॅडम, हॉन्टेड बंगला आहे. भूत नको?"

रोह्याच्या अलीकडे, निडीच्या बाजूला, रस्त्यापासून आत आंब्यांच्या मागे हा बंगला आहे. राणीच्या राज्यात कुणा गोऱ्या साहेबाने बांधलेला. उभट उतरती छपरं, छपरांच्या कडेला लाकडाची नक्षीदार झालर, एका कोपऱ्यात टोपी घातल्यासारखा मनोरा. साहेब गेल्यावर तो एका व्यापाऱ्याकडे आला. व्यापाऱ्याची मुलं मुंबईला गेली आणि बंगला कुलपात राहिला. आसपासच्या गावांत त्याला भुताचा बंगलाच म्हणतात. विक्रांतने तो घेतला तो या नावासाठी. तिथे तो हॉटेल काढत होता. शहरातली माणसं मुद्दाम घाबरायला येतील असा त्याचा अंदाज होता. तो चुकला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी मॉडेलमेकर. बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली जी छोटी बिल्डिंग आणि छोटी झाडं दिसतात ती आम्ही करतो. पेणमध्ये माझं वर्कशॉप सासरच्या गणपतीच्या कारखान्याला लागून आहे. भिंतीपलीकडे मूर्ती, अलीकडे टॉवर. विक्रांतला मात्र बिल्डरसारखं मॉडेल नको होतं. रिसेप्शनमध्ये ठेवायला त्याला डॉलहाउस हवं होतं, म्हणजे बाहुलीघर. दोन्हींत फरक आहे. बिल्डरचं मॉडेल वरून बघायचं असतं आणि आत ते पोकळ असतं. डॉलहाउसची पुढची भिंत बिजागरीवर दारासारखी उघडते, आणि आत जिना, पलंग, आरसा, सगळं जागच्या जागी असावं लागतं. त्यामुळे नुसत्या फोटोंवर भागत नाही. घर खोलीखोलीने फिरून मोजावं लागतं.

मी लेझर मीटर घेऊन गेले. भिंतीवर लाल ठिपका पाडला की अंतर सांगणारं ते यंत्र. मनोरा झाला, वरच्या खोल्या झाल्या, स्वयंपाकघर झालं. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं तर पुढे छोटी पडवी आणि पडवीला जोडून कौलारू दोन खोल्या. दारात एक म्हातारी भिजवलेले वाल सोलत बसली होती. आत तिची मुलगी स्टोव्हवर चहा ठेवत होती. मुलगी म्हणजे पंचेचाळिशीची बाई. नाव सुनंदा.

"वरती भ्याला नाय ना?" तिने हसत विचारलं.

"कशाला भिऊ?"

"भूत हाय ना वरच्या खिडकीत." तिने माझ्या हातात कप दिला. "ते मीच."

मी कप खाली ठेवला.

तिचे वडील त्या व्यापाऱ्याचे राखणदार होते. बंगल्यात सागवान, पितळी कड्या, मोठे आरसे, आणि राहायला कुणी नाही. चोरांना मोकळं रान. म्हणून वडिलांनी मुलीला काम लावून दिलं. दिवेलागणीला वर जायचं, हातात कंदील घेऊन या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत फिरायचं. आत माणूस आहे असं रस्त्यावरून वाटलं पाहिजे. एकदा ती न्हाऊन, केस तसेच सोडून वर गेली. रस्त्यावरून कुणी तरी पाहिलं आणि पळत सुटलं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर हीच चर्चा. वडिलांनी ती मोडून काढली नाही. उलट चहा पिता पिता दोन गोष्टी आपल्या पदरच्या घातल्या. त्यानंतर बंगल्याची एक कडीसुद्धा चोरीला गेली नाही.

"बाबा खूश झाले," सुनंदा म्हणाली. "पन मला बघायला येणारी माणसं पन नाक्यावरच चौकशी करायची. तिथूनच मागं फिरायची. भुताच्या घरातली पोर कोण करून नेणार?"

"बापानं भूत पोसलं, गो बाय," म्हातारी वाल सोलता सोलता म्हणाली. "पोर तशीच ऱ्हायली."

दोघींनी ते इतक्या सहज सांगितलं की त्याचाच जास्त राग आला.

मग सुनंदाने तिला खरं जे विचारायचं होतं ते विचारलं. "ताई, नवे मालक आमाला हितं ठेवतील ना? आमाला दुसरी जागा नाय. बाबा गेले, गावातलं घर कवाच पडलं. तुमी सगळं मोजताय, तुमाला ठावं असंल."

मला ठाऊक नव्हतं. विचारून सांगते म्हटलं आणि त्या दोन खोल्याही मोजून घेतल्या.

आता बेसबोर्डबद्दल सांगायला हवं. मॉडेल ज्या फळीवर उभं राहतं तिला आम्ही बेसबोर्ड म्हणतो. घराभोवतीची किती जमीन तिच्यावर दाखवायची ते क्लायंट ठरवतो आणि तसं ड्रॉइंग पाठवतो. ही फळी आखताना आम्हाला पुष्कळ गोष्टी कळतात. कुठलं झाड जाणार, कुठली विहीर बुजणार, कुणाची वाट बंद होणार. गावात नोटीस लागायच्या आधी माझ्या टेबलावर ते कापून झालेलं असतं. विक्रांतचं ड्रॉइंग आलं, त्यात स्वयंपाकघराच्या मागे एक निळा चौकोन होता. मी लगेच फोन लावला.

"मागच्या दोन खोल्या ड्रॉइंगमध्ये नाहीत."

"हो, त्या नाहीत."

"आहेत. मी तिथे बसून चहा प्यायले आहे."

"राहणार नाहीत, मॅडम. तिथे स्विमिंग पूल येतोय."

"तिथे माणसं राहतात."

"माहीत आहे मला. त्यांचं बघू काहीतरी. तुम्ही बंगल्याकडे लक्ष द्या. ती झालर नीट आली पाहिजे, तिच्यावरच फोटो काढणार लोक."

मी सुनंदाला फोन करून सरळ सांगितलं. आडपडदा ठेवून तिचा काय फायदा होता? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमी आमचं घर पन बनवा त्यात. सगळ्यांसमोर मांडलं की हितं काय नव्हतंच असं तर म्हणता येणार नाय त्याला."

मॉडेलने कधी जेसीबी थांबवलेला नाही. माझ्या अख्ख्या नोकरीधंद्यात तरी नाही. पण माझं डोकं फिरलं होतं. क्लायंटच्या ड्रॉइंगबाहेर जायचं नाही हा आमच्या कामाचा पहिला नियम, तो मी धाब्यावर बसवला. फळी मागच्या बाजूने वाढवली. पडवी केली, दोन खोल्या केल्या, एकेक कौल वेगळं कापून बसवलं. दारात नखाएवढं सूप ठेवलं आणि त्यात मोहरीचे दाणे चिकटवले, वाल म्हणून. बंगल्याच्या झालरीला मी इतका जीव लावला नव्हता.

राहिली खिडकीतली बाई. बोटाएवढी बाहुली शाडूची करायची होती. मला चेहरे येत नाहीत, म्हणून जाऊबाईंना सांगितलं. त्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात. सणासुदीला गौरीचे मुखवटेही रंगवतात. बाहुली करून आणली तर टपोरे डोळे, शांत चेहरा, ओठांत हसू. भुताचं नावही नाही.

"अहो वहिनी, भूत हवंय भूत!"

"भूत कसं असतं ते मी कुठं बघितलंय गो? माझ्या हाताला हाच डोळा येतो."

दुसरी केली. ती पहिलीहून सुंदर. मी हात टेकले.

डिलिव्हरीच्या दिवशी गाद्यांमध्ये गुंडाळून डॉलहाउस टेम्पोत घातलं. वडखळचा ट्रॅफिक, नागोठण्यापर्यंतचे खड्डे, प्रत्येक दणक्याला माझा जीव वरखाली. रिसेप्शनच्या टेबलावर ते बसवलं आणि पुढची भिंत उघडली. विक्रांत लहान मुलासारखा आत डोकावला. जिना बघितला, आरसे बघितले, झालरीवरून बोट फिरवलं. "क्या बात है!" असं दोनदा म्हणाला. मग खिडकीतला दिवा लावला.

"ही कोण? हळदीकुंकवाला आल्यासारखी दिसते. हिला कोण घाबरणार?"

"दुसरी करून देते," मी म्हटलं.

मग तो टेबलाला वळसा घालून मागे गेला.

"हे काय आहे?"

"जे आहे ते."

"काढा हे."

"मी नाही काढणार. हुबेहूब करा असं तुम्हीच म्हणाला होता."

"नाटकं नकोत, मॅडम."

काउंटरचं काम करत असलेल्या सुताराला त्याने हाक मारली. सुतार पटाशी घेऊन आला, फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घुटमळला. त्याची काय चूक? मी बाजूला झाले. त्याने सांध्यात पटाशी घातली आणि तेवढ्यात सुनंदा आत आली. ती मघापासून दारात उभी होती, आम्हा कुणाला दिसली नव्हती.

"साहेब, थांबा जरा," ती म्हणाली. "त्या खिडकीतली बाई मी हाय. कंदील घेऊन मीच फिरायचे वरती. वीस गावांत इचारा. तुमचा बंगला ज्याच्यावर चालणार हाय ते भूत मी हाय. मला घालवलीत तर वरती काय दाखवणार लोकांना?"

सुतार थांबला. मला वाटलं, बाईने बरोबर जागी हाणलंय. आता याला काहीतरी उत्तर द्यावंच लागेल. निदान खाली बघेल.

विक्रांतने खाली नाही बघितलं. सुनंदाकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"केस अजून लांब आहेत?" त्याने विचारलं.

तिला प्रश्न कळला नाही. मला कळला.

पूल गणपतीनंतर झाला. खोल्या पाडायला एक सकाळ पुरली असं ऐकलं. मायलेकी रोह्यात भाड्याच्या खोलीत गेल्या. डॉलहाउसच्या मागच्या खोल्या काढून तिथे हॉटेलवाल्यांनी निळ्या अॅक्रिलिकचा तुकडा चिकटवला. चिकटवलाही वाकडा.

पुढे काही महिन्यांनी खिडकीतला दिवा बंद पडला म्हणून हॉटेलातून फोन आला. मी संध्याकाळी पोचले. लॉनवर गेस्ट खुर्च्या टाकून बसले होते, हातात मोबाइल. अंधार पडू लागला तसा बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मिणमिणता उजेड आला. पांढऱ्या साडीतली, केस सोडलेली बाई या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत सावकाश चालत गेली. लोक किंचाळले, हसले, व्हिडिओ काढले. एकाने शिट्टी मारली.

दिवा दुरुस्त करून मी मागच्या गेटने निघाले तर सुनंदा तिथे अंबाडा घालत उभी.

"कशी आहेस गं?"

"बरी हाय ताई. सांजची शिफ्ट असते. आई घरात एकटी, म्हणून लवकर पळते."

"हे चालतं तुला?"

"न चालून? पयले बाबांसाठी केलं, आता यांच्यासाठी." ती हसली, मग हसू आवरलं. "एवढंच की दिवसा हितं यायचं नाय असं सांगितलंय. गेस्टनी उजेडात बघितलं तर बाई दिसेन ना मी. आईला एकदा जागा बघायची हाय, कवापासून मागं लागलीय. पन तिला गेटातून सोडत नायत."

"मी बोलू का त्याच्याशी?"

"नको. मागल्या वेळेला बोललो ते पुरे झालं." ती रिक्षा पकडायला पळाली.

तेव्हापासून नवं काम आलं की मी मापं घेण्याआधी एक प्रश्न विचारते: या फळीवर काय दाखवायचं नाही? क्लायंट न लाजता सांगतात. मग विचारते, तिथे कोण राहतं? तेही सांगतात, नावानिशी सांगतात. विचारल्यामुळे आजवर एकही खोली वाचलेली नाही.