उकंडा मास्तरांचं कापलेलं पान

माझ्या बापाचं नाव उकंडा होतं.

हसू येत असेल तर पोस्ट इथंच सोडा.

आज बाबांची पुण्यतिथी. मी नव्वदीला टेकले आहे, फोनवर एका बोटानं टाइप करते. चुका होतील. पण आज जे बोलायचं ते बोलणार.

आधीची तीन लेकरं गेली, म्हणून बाबा जन्मले तेव्हा त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं. मरणाला हे पोर नकोसं वाटावं म्हणून नाव ठेवलं उकंडा, म्हणजे उकिरडाच. वऱ्हाडात गावोगावी होतं हे नाव.

शेलूबाजारला आमचा मळा होता. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाबा शाळेत मास्तर. पहाटे मोट हाकायची, मग शाळा, आणि उरलेल्या वेळात चित्रं.

शाळेच्या वाचनाच्या पुस्तकात एक बूट घातलेला मुलगा होता. तो समुद्रावर फिरायला जायचा.

आमच्या वर्गात एकाच्याही पायात काही नव्हतं. समुद्र तर मास्तरांनीही पाहिला नव्हता.

म्हणून बाबांनी स्वतःच पुस्तक केलं. ‘वांग्याचा काटा’. गोष्टीची सोळा पानं, वर नावाचं एक. शब्द त्यांचे, चित्रं त्यांची, शिवलं आईनं.

गोष्ट एवढीच. वांगं मळ्यात रडत बसतं, “मलेच काटा काहून?” मग बकरी येते, मेथी खाते, सांभार खाते, वांग्याला तोंड लावते आणि नाक टोचून घेऊन पळते. वांगं रडायचं थांबतं.

बाबांनी ते वर्गात वाचलं तेव्हा काशी नावाची एक मुलगी ओरडली, “मास्तर, हे वांगं तं आपल्यासारखंच बोलून राह्यलं!”

हे वाक्य बाबांनी घरी येऊन आईला तीनदा सांगितलं.

मग ते थांबलेच नाहीत. आणखी सात पुस्तकं केली. प्रत्येकाची एकच प्रत. केनवडचे मास्तर न्यायचे, धनजचे न्यायचे. धनजहून एक पुस्तक पार चिंध्या होऊन परत आलं. आई चिडली.

बाबा म्हणाले, “वाचलं म्हून फाटलं.”

मी नऊ वर्षांची असताना ते मला घेऊन पुण्याला गेले. एका प्रकाशकानं बोलावलं होतं.

प्रकाशक चांगला माणूस होता, चहा दिला. पानं उलटली. म्हणाला, “चित्रं फार सुंदर आहेत हो. पण ‘मले’, ‘काहून’? मुलांना अशुद्ध भाषा शिकवायची का? तेवढं ‘मला’ आणि ‘का’ करू. आणि मुखपृष्ठावर उकंडा बरं दिसणार नाही. एखादं गोड टोपणनाव घेऊ.”

बाबा म्हणाले, “साहेब, वांगं शेलूचं हाये. ते पुण्यासारखं कसं बोलन?”

तो हसला.

“अन् नाव माह्या मायनं ठेवलं. तीन लेकरं मातीत देल्ली तिनं, मंग हे नाव ठेवलं. ते मी पुसू काय?”

पुस्तक उपरण्यात बांधून बाबा उठले.

रस्त्यात मी रडत होते. मला छापलेलं पुस्तक हवं होतं. मी म्हणाले, “बाबा, बदलवून टाका ना नाव. पुस्तक तं छापल्या जाईन.”

ते रागावले नाहीत. स्टेशनपर्यंत माझा हात तेवढा धरून होते.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात विषमज्वरानं गेले. मी अकरा वर्षांची होते.

आईनं पुस्तकांची पेटी शाळेच्या हवाली केली. जपून ठेवतो म्हणाले. पुढं ती पेटी कोणी नेली, कुठं नेली, कोणालाच सांगता येईना. मी विचारून विचारून थकले.

मागच्या वर्षी नातीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. शहरातल्या एका संग्रहालयानं जुने कागद ऑनलाइन टाकले होते.

आमचं वांगं!

खाली लिहिलं होतं: ‘बालचित्रे. चित्रकार अज्ञात. मजकूर अशुद्ध.’

अज्ञात?

आठही पुस्तकांवर बाबांनी पहिल्या पानावर नाव लिहिलं होतं. मी जाऊन पाहिलं. आठही पुस्तकांचं पहिलं पान कापलेलं होतं. ब्लेडनं, अगदी सरळ.

म्हणजे ज्यानं कापलं त्याला चित्रं हवी होती. उकंडा नको होता.

कोणी कापलं ते मला कधीच कळणार नाही. तो केव्हाच मेला असेल. तरी सांगते, हात झडायला पाहिजे होते त्याचे.

तिथला अधिकारी तरुण, नम्र. म्हणाला, “आजी, तुमचेच वडील, याला पुरावा?”

मी म्हटलं, “पुस्तक तुमच्या हातात धरा. मला दाखवू नका.”

आणि पहिल्या ओळीपासून म्हणायला लागले. तो पानं उलटत गेला. सोळाच्या सोळा.

शेवटी हळूच म्हणाला, “एकच शब्द चुकला आजी. तुम्ही ‘बकरी पळाली’ म्हणालात. इथं ‘पयाली’ आहे.”

तिथंच खुर्चीत मला हुंदका फुटला.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवली. किती पोरांच्या वहीतलं ‘मले’ लाल शाईनं खोडलं, मोजदाद नाही. प्रकाशकाला जे जमलं नाही ते मी घरात बसून केलं. बाबांचा शब्द मीच सुधारून टाकला.

लेबल आता बदललंय. ‘लेखक व चित्रकार: उकंडा मास्तर, शेलूबाजार.’ माझ्या दुसऱ्या पत्रानंतर ‘अशुद्ध’ काढून ‘वऱ्हाडी’ लिहिलं.

अभिनंदनाच्या कमेंट करू नका. पुस्तक अजून कोणी छापलेलं नाही, आणि माझा राग एका लेबलानं जाणारा नाही.

बाबा, त्या दिवशी रस्त्यात बोलले ते मनावर घेऊ नका. लेकरू होती मी.

रामराम घ्या.

तुमची शांता