मशीन कसं आहे?

फेलेतीइतका कामसू आळशी माणूस आमच्या बेटावर दुसरा नाही. स्वतःच्या पत्र्याला पडलेलं भोक तो वर्षानुवर्षं बादली ठेवून भागवतो, पण दुसऱ्याचं काही बिघडलं की जेवणावरून उठतो, आणि त्याचं जेवण काय असतं ते मी पाहिलं आहे. चर्चच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. सायकलवर बसला की सायकल दिसत नाही. आमच्या शाळेतले आणि दवाखान्यातले सगळे लिनक्सवाले कॉम्प्युटर त्याच्याच जिवावर चालतात.

दवाखान्यातलं मशीन मात्र हट्टाला पेटलं होतं. रात्री सोलरच्या बॅटऱ्या संपत आणि सकाळी ऊन चढलं की ते पुन्हा सुरू होई. सुरू होताना त्यातला नेटवर्क जोडणारा प्रोग्रॅम एक आगाऊपणा करी. ज्या फाइलमध्ये फेलेतीने राजधानीतल्या मोठ्या हॉस्पिटलचा नेटवर्कवरचा पत्ता लिहिलेला असे, ती फाइलच तो पुसून टाकी आणि तिथे आपली कोरी प्रत आणून ठेवी. पत्ता गेला की हॉस्पिटल गेलं. आमच्या बेटावर डॉक्टर नाही, जे विचारायचं ते त्या मशीनवरून. फेलेतीने फाइलला कुलूप घालून पाहिलं, तर प्रोग्रॅम रुसला आणि नेटवर्कच जोडेना. मग रोज सकाळी हा सायकल मारत यायचा आणि पत्ता पुन्हा लिहायचा.

दवाखान्याची नर्स सिउतिती ही त्याची धाकटी बहीण, एके काळची माझी विद्यार्थिनी. तिचा नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ती काळ्या कपड्यांत होती, कमरेला आमच्या रिवाजाने वर्षभर गुंडाळायची दुखवट्याची मोठी, जाडीभरडी चटई. भाऊ आला की ती आतल्या खोलीत जाई. वयात आलेली भावंडं आमच्यात एका खोलीत गप्पा मारत बसत नाहीत. ती आतूनच विचारी, "आज चालेल ना?" हा मशीनच्या पडद्याकडे बघत म्हणे, "चालेल." जाताना खिडकीत चहा आणि केके, म्हणजे केळ्याचे गरम तळलेले गोळे, ठेवलेले असत.

आणि अशात फेलेतीची न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला निवड झाली. सात महिने! माझं डोकंच फिरलं. माझ्या सुनेला सातवा लागला होता.

"तू चाललास सफरचंदं खायला, आणि इथे दवाखाना मुका पडणार," मी म्हटलं. "मला शिकव ते सगळं."

"तोडायला चाललोय बाई, खायला नाही."

"तुझं मला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. त्याने फाइल उघडली, पत्ता कुठे लिहायचा ते दाखवलं. मी गणिताची मास्तरीण, कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, पण शंका आली की मला गप्प बसवत नाही.

"हा मेला प्रोग्रॅम कोरी प्रत आणतो कुठून?"

"दुसरी फाइल आहे, त्याची स्वतःची. रोज तिची नक्कल करतो."

"मग त्या फाइलमध्येच लिही की पत्ता! रोज पत्त्यासकट नक्कल होईल."

फेलेती कीबोर्डवरची धूळ पुसू लागला. कान लाल झाले.

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, बाई."

"आणि इतके महिने सायकल दामटतोयस? अक्कल काय गहाण टाकलीस?"

"हळू बोला," आतल्या दाराकडे बघत तो कुजबुजला. "तिचा नवरा गेला. ती जेवते का, झोपते का, कसं विचारू? आपल्यात भाऊ विचारतो का असलं? मशीन बिघडलेलं असलं की येता येतं. आवाज ऐकला की कळतं मला."

माझ्या तोंडाशी आलेल्या शिव्या तिथेच राहिल्या. त्या क्षणी त्या अवजड माणसावर मला पोटच्या पोरासारखी माया आली.

त्याने पत्ता त्या दुसऱ्या फाइलमध्ये लिहिला. मशीन बंद केलं, सुरू केलं, पुन्हा बंद करून सुरू केलं. पत्ता जागच्या जागी होता.

"आज चालेल ना?" आतून आवाज आला.

"आता रोज चालेल," फेलेती म्हणाला.

मग ती म्हणाली, "बरं झालं." खिडकीतल्या केक्यांना त्या दिवशी फेलेतीने हात लावला नाही.

बोट सुटली तेव्हा सिउतिती धक्क्यावर माझ्या शेजारी उभी होती.

"बाई, उद्या सकाळी याल ना? मशीन बघायला?"

"अगं, ते आता बिघडणार नाही."

"ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या माणसाने मला मशीनवरूनच कधीच सांगितला होता हा उपाय."

"मग भावाला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तो आला असता का?"

एकाच आईची लेकरं, दुसरं काय!

तेव्हापासून शाळेत जाताना मी रोज दवाखान्यात डोकावू लागले. चहा आणि केके मला मिळू लागले. पहिल्याच सकाळी फेलेतीचा मेसेज आला, "मशीन कसं आहे?"

मी लिहिलं, "चाललंय. पण रात्री झोपलेलं दिसत नाही."

मग हे रोजचंच झालं. मशीनने आज दोनदा वाढून घेतलं. मशीनला सर्दी झाली आहे. मशीन माझ्या नातवाला पहिली अंघोळ घालताना मोठ्याने हसलं. त्याचं उत्तर एकच असे, "बरं."

नवऱ्याला जाऊन वर्ष झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले, तर सिउतिती दारातच उभी. चटई सोडलेली, अंगात पिवळ्या फुलांचा झगा. मला लिहिताना नीट दिसेना. "मशीनने आज काळे कपडे उतरवले," एवढंच लिहिलं.

मग त्याने मेसेज बोलून पाठवला, मागे सफरचंदाच्या बागेतला वारा.

"चालतंय ना, बाई? मग आता त्याला कुणी हात लावू नका."